वाचक विचारतात : केसपेपर, गोळ्या आणि निर्वासित शेजारी

गेल्या अंकात निर्वासितांच्या कायदेशीर स्थितीवर एक टिपण होतं. त्याचा गोषवारा असा : भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर किंवा १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ लोकांची व्यवस्था सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया वगैरे देशांतून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची यूएनएचसीआर ही संस्था करते आणि त्यांना कार्ड देते. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं दवाखान्याबद्दलच विचारतात. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण कुटुंब भाड्याने राहतं. यूएनएचसीआरचं कार्ड आहे, आधार नाही. वहिनींना सातवा महिना लागलाय आणि अजून कुठेच नाव घातलेलं नाही. जवळच्या क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न आधारचाच आला. त्यांना कुठे न्यावं? — एक वाचक, ऐरोली

उद्या सकाळीच जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात न्या. बाळंतपणासाठी तुम्हाला ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय जवळ पडेल, गुंतागुंत असेल तर वाशीचं महापालिका रुग्णालय. केसपेपरच्या खिडकीवर ‘आधार नाही’ हे वाक्य आधी बोलू नका. ‘गरोदर, सातवा महिना, पहिलीच नोंदणी’ असं सांगा आणि कार्ड पुढे करा. नाव, वय, पत्ता, फोन नंबर एवढ्यावर केसपेपर निघतो. खिडकीवरचा माणूस अडला तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा सरळ एएनसी ओपीडीतल्या (गरोदर बायकांच्या तपासणी विभागातल्या) सिस्टरना किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. वस्तीतल्या आशाताईंना बरोबर नेलंत तर हे सगळं आणखी सोपं होतं.

केसपेपरवर दोन गोष्टी नीट बघा. पहिली म्हणजे नावाचं स्पेलिंग. ते कार्डावर आहे तसंच्या तसं उतरवून घ्या. अफगाण लोकांत पुष्कळदा एकच नाव असतं, मग ‘आडनाव काय?’ विचारल्यावर नवरा आपल्या वडिलांचं नाव सांगतो, पुढच्या वेळी आजोबांचं. केसपेपरवर एक, डिस्चार्जवर दुसरं आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर तिसरं नाव चढलं की ते दुरुस्त करताना पुढे वर्षं जातात. दुसरी गोष्ट तारखा. अफगाण कागदपत्रांवरचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा ६२१ ने मागे असतं. जन्मसाल १३७८ लिहिलं असेल तर ते १९९९ धरायचं. त्यांचं वर्ष २०-२१ मार्चला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखांना ६२२ मिळवावे लागतात. शेवटची पाळी कधी आली याचं उत्तरही त्याच कॅलेंडरमधून येतं. त्याचा अंदाजे हिशेब करून प्रसूतीची तारीख ठरवली तर महिन्याची चूक सहज होते. सातव्या महिन्यात सोनोग्राफीवरूनही नेमकी तारीख निघत नाही, तेव्हा आधीचा एखादा रिपोर्ट असेल तर तो शोधून डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या व्हायला हव्यात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. पाणी प्यायल्यावर वहिनी घरी गेल्या तर तपासणी वाया जाते, म्हणून डबा घेऊनच जा. टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचं) एक इंजेक्शन लगेच आणि दुसरं चार आठवड्यांनी मिळतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या हातात पडतील, पण त्या एकत्र घ्यायच्या नाहीत. मध्ये किमान दोन तास जाऊ द्यायचे. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. अफगाण घरात दिवसभर चहा चालू असतो, त्यामुळे हे स्पष्ट सांगावं लागतं. शौच काळी होते हेही आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सार्वजनिक रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण यांना पैसे लागत नाहीत. जेवण साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस, सिझेरियननंतर सात दिवस. आजारी बाळाचे उपचारही एक वर्षापर्यंत मोफत असतात. बँकेत पैसे जमा होतात त्या योजनांची आशा मात्र दाखवू नका. त्यांना आधार आणि खातं लागतं, आणि यूएनएचसीआरच्या कार्डावर आधार निघत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना आधीच समजावून सांगा. २०२५ च्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याप्रमाणे रुग्णालयाला दाखल झालेल्या परदेशी रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. वॉर्डात कुणी अचानक पासपोर्ट-व्हिसा विचारला की माणसं घाबरतात आणि बाळंतिणीला घेऊन घरी निघून जातात. व्हिसाची मुदत संपली असेल तर यूएनएचसीआरशी किंवा वकिलाशी आताच बोलून घ्यावं, कळा सुरू झाल्यावर नाही.

डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा किंवा हात सुजणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं : यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ लावायचा. फोनवर बोलायला त्यांना जमणार नाही, म्हणून इमारतीचं नाव, सेक्टर आणि जवळची खूण एका कागदावर रोमन लिपीत लिहून दाराच्या आत चिकटवा. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदला जायला हवा. रुग्णालय कळवतं, पण दाखला हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. त्या दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही, हेही घरच्यांना माहीत असू द्या.

माझं मेडिकल स्टोअर आहे. अरबी किंवा फारसी बोलणारे पेशंट येतात. मी पाकिटावर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहून देतो, खुणेने सांगतो, तेही मान हलवतात. तरी आठ दिवसांनी येतात तेव्हा कळतं की औषध भलत्याच वेळी घेतलं. काय करावं? — एक औषध विक्रेते, कळवा

मान हलवण्यावर जाऊ नका. समजलं का, असं विचारलं की जगातला कुठलाही पेशंट हो म्हणतो. त्याऐवजी गोळी त्याच्या हातात द्या आणि ‘आज रात्री काय घेणार, दाखवा’ असं खुणेने विचारा. त्याने चुकीची पट्टी उचलली तर पुन्हा सांगा आणि पुन्हा दाखवायला लावा. यात दोन मिनिटं जातात. छापील माहितीपत्रकाचा गठ्ठा वाटण्यापेक्षा ही दोन मिनिटं कितीतरी कामाची, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता १-०-१ बद्दल. अरबी, फारसी, पश्तो वाचणारा माणूस उजवीकडून डावीकडे वाचतो. १-०-१ उलटं वाचलं तरी तेच राहतं, म्हणून चूक लपून राहते. पण १-०-० लिहिलंत तर तो ०-०-१ वाचू शकतो. रक्तदाबासाठी लघवी होण्याची सकाळची गोळी मग रात्री घेतली जाते आणि म्हातारा माणूस रात्रभर बाथरूमला उठून कुठेतरी पडतो. सूर्य, भर दुपार, चंद्र अशी चित्रं ओळीने काढलीत तरी तोच घोटाळा. म्हणून चित्रं एकाखाली एक काढा : वर उगवता सूर्य, मध्ये डोक्यावरचा सूर्य, खाली चंद्र. प्रत्येकासमोर जितक्या गोळ्या तितके गोल काढून ते भरून टाका. घ्यायची नसेल तिथे शून्य काढू नका, फुली मारा.

शून्य न काढण्यामागे कारण आहे. अरबीत पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. शिवाय आपला हाताने लिहिलेला देवनागरी १ परक्या माणसाला इंग्रजी नऊसारखा दिसतो. तेव्हा त्यांच्यासाठी आकडे टाळलेलेच बरे. सोमाली भाषा रोमन लिपीत लिहितात, तिथे ही अडचण नाही.

पट्टी कापून देताना मुदतीची तारीख आणि औषधाचं नाव पेशंटकडच्या तुकड्यावर राहील असं कापा. दोन-तीन औषधं असतील तर प्रत्येकासाठी वेगळं पाकीट करा. रमजान असेल तर रोजा धरणार का, हे विचारून घ्या. धरणार असतील तर दिवसातून तीनदा घ्यायचं औषध आपल्या मनाने दोनदा करू नका, डॉक्टरांना फोन लावा. दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचा पर्याय बहुतेकदा निघतो. मधुमेहाच्या पेशंटचा फोन तर टाळूच नका.

लहान मुलांच्या तापाचं औषध ही सगळ्यात धोक्याची जागा आहे. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतं, आणि थेंबांची बाटली १ मिलीला १०० मिलिग्रॅमची असते. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं. आईला ‘पाच मिली’ एवढंच लक्षात राहिलं आणि घरात थेंबांची बाटली असली तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. चमचा म्हणून सांगू नका, सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज द्या आणि जिथपर्यंत भरायचं तिथे मार्करने रेघ मारा. दोन डोसांत किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

अँटिबायोटिकची सुकी पावडर असलेली बाटली दुकानातच पाणी घालून, हलवून द्या. घरी नेल्यावर कुणी पावडरच चमच्याने देतं, कुणी खुणेच्या वरपर्यंत पाणी भरतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर वाचून घ्या. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर ते इतकं खारट होतं की जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर जातं. एक लिटरची रिकामी बाटली काउंटरवर ठेवा, पाकीट तिच्याजवळ धरा आणि ‘अख्खं पाकीट, अख्खी बाटली’ हे हातवाऱ्याने दाखवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. जुलाब असलेल्या मुलाला झिंक १४ दिवस द्यायचं : सहा महिन्यांच्या वरच्याला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तीन दिवसांत थांबले की घरचे झिंकही बंद करून टाकतात, म्हणून पट्टीतल्या चौदाही गोळ्या मोजून दाखवा.

फोनवरच्या भाषांतराच्या अॅपबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. ‘दुखतंय कुठे?’ एवढ्यापुरतं ते चालतं. मात्रा, ॲलर्जी, गरोदरपण यांसाठी त्याच्यावर विसंबू नका. विसंबायचंच झालं तर छोटं वाक्य टाका आणि आलेलं भाषांतर उलट मराठीत करून बघा. पेशंटच्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करणं सोपं वाटतं, पण आईच्या अंगावरून जाण्याबद्दल मुलगा सांगत नाही आणि आईही त्याच्यासमोर बोलत नाही. त्यांच्या ओळखीतली एखादी बाई फोनवर घ्या, आणि पेशंटचं नाव न सांगता विचारा.

माझ्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला टीबी निघालाय. तो परदेशी आहे, अधूनमधून कार्डाच्या कामासाठी दिल्लीला जातो. त्याला खोली सोडायला सांगू का? घरात माझा चार वर्षांचा नातूही येतो-जातो. — एक वाचक, तुर्भे

खोली सोडायला लावलीत तर त्याचं औषध तुटेल, आणि अर्धवट औषध घेतलेला टीबीचा पेशंट आज आहे त्याहून धोकादायक ठरेल. नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी असेल तर उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका खूप खाली येतो. तोवर खिडक्या उघड्या, खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, आणि नातवाला त्या खोलीत पाठवायचं नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचा काही उपयोग नाही. टीबी हवेतून पसरतो. नातवाला मात्र सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन तपासून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध देता येतं.

टीबीचं औषध सरकारी केंद्रात सगळ्यांना मोफत मिळतं. साधा कोर्स सहा महिन्यांचा : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. ती एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. मोठ्या माणसात ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. उपचाराने वजन वाढलं की संख्याही बदलावी लागते, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं राहायचं. गोळ्या रोज एकदम, रिकाम्या पोटी.

माणसं औषध सोडतात ती दोन-तीन ठरलेल्या ठिकाणी. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी होते. रक्त जातंय असं वाटून घाबरतात. ते औषधाच्या रंगाने होतं, निरुपद्रवी आहे. मग महिनाभराने खोकला थांबतो, भूक लागते आणि आता बरं झालं असं वाटतं. तिसरी जागा प्रवास. त्याच्या नावावर एक निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारकडचा टीबी नोंदणीचा क्रमांक, असतो. तो त्याच्या फोनमध्ये आणि पाकिटात, दोन्हीकडे लिहून ठेवा. दिल्लीला जायच्या आठवडाभर आधी केंद्रात सांगितलं तर प्रवासापुरत्या गोळ्या बरोबर मिळतात. मुक्काम लांबणार असेल तर त्याच क्रमांकावर पेशंट तिकडच्या केंद्राकडे वर्ग करतात. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत फोन आहे.

पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे, पण ती बँक खात्यात येते. त्याचं खातं नसेल तर त्या पैशांपायी औषध अडवून ठेवू नये.

आमच्याकडे काम करणाऱ्या एका सोमाली तरुणाचा घोडबंदर रोडवर अपघात झाला. एका खासगी रुग्णालयाने आधी अनामत मागितली, मग बिल भरेपर्यंत पासपोर्ट ठेवून घेतला. हे चालतं का? — एक वाचक, ठाणे पश्चिम

चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की अपघाताचा पेशंट समोर आला की पोलिसी सोपस्कारांआधी उपचार. सरकारी असो वा खासगी, ही जबाबदारी प्रत्येक डॉक्टरची आहे. जगण्याच्या हक्काचं कलम २१ परदेशी माणसालाही लागू आहे, हे १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात स्पष्ट झालंय. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही रुग्णालयाला नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, परत मिळाला नाही तर पोलिस ठाण्यात तक्रार करा. बिल मात्र माफ होत नाही. त्यासाठी तपशीलवार बिल मागा आणि हप्त्यांबद्दल बोला. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. भिंतीवर ती शोधा. तिचा फोटो काढायला लागलात की बोलण्याचा सूर पुष्कळदा बदलतो.

रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर आणखी एक वाट आहे. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या पेशंटकडून अनामत मागता येत नाही. तिथल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. डिस्चार्जच्या दिवशी भेटून फारसं काही हाती लागत नाही. दाद लागली नाही तर ठाण्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करा. आणि पुढच्या वेळी १०८ वाल्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा जिल्हा सामान्य रुग्णालय सांगा.

माझ्या बालवाडीत तीन वर्षांचं एक मूल आलंय. लशींचं कार्ड वाटेत हरवलं. आई म्हणते, काही टोचलं होतं. आता कुठून सुरू करायचं? — एक बालवाडी ताई, कोपरखैरणे

कागद नाही म्हणजे लस मिळालेली नाही असं धरून चालायचं. दिलेली लस पुन्हा दिली गेली तरी नुकसान होत नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोवर-रुबेलाचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने, पोलिओचे थेंब आणि डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लशीचे) तीन-तीन डोस चार-चार आठवड्यांनी, आणि जीवनसत्त्व अ दर सहा महिन्यांनी मिळतं. बीसीजी (टीबीची लस) आणि पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) यांचं वय निघून गेलंय. दंडावर बीसीजीचा व्रण दिसतो का, ते बघून ठेवा. नवीन कार्ड मिळालं की त्याचा फोटो आईच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये असू द्या. मधला एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत, राहिला तिथून पुढे जातात.

आमचे नातेवाईक सिंधमधून आले आहेत, लाँग टर्म व्हिसावर. त्यांना सरकारी योजना मिळतात का? — एक वाचक, उल्हासनगर

तुमच्या शहराला हे वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि त्याचंच ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झालं. लाँग टर्म व्हिसा असलेल्या पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांना २०१६ पासून आधार, पॅन, बँक खातं यांची मुभा आहे, तेव्हा त्यांची स्थिती यूएनएचसीआर कार्डवाल्यांपेक्षा बरी. कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं आहे, आणि त्या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारांना शुल्क नाही. महापालिकांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे त्यांचे स्वतःचे दर असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी नुसतं आधार पुरत नाही, शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र मागतात; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, त्यांना कागद आधी दाखवा आणि मगच शस्त्रक्रियेची तारीख घ्या. आधारवरची आणि व्हिसावरची मुदत संपायच्या तारखाही बघून ठेवा. व्हिसाचं नूतनीकरण रखडलं आणि मधल्या काळात शस्त्रक्रियेच्या मंजुरीची वेळ आली तर फाइल तिथेच अडकते.